हृत्स्नायूचे रक्तसिंचन : एक चुंबकीय तपासणी व तिच्या संज्ञा

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरविते. परंतु त्याच्या स्वतःच्या स्नायूचे पोषण त्याच्या पोकळ्यांतून वाहणाऱ्या रक्तावर होत नाही. ते महारोहिणीच्या मुळाशी उगम पावणाऱ्या दोन रोहिण्यांकडून व त्यांच्या शाखांकडून होते. ह्या हृद्रोहिण्या आतून अरुंद झाल्या म्हणजे जो रोग उद्भवतो, त्याच्या निदानाची अनेक साधने आज उपलब्ध आहेत. त्यांतील एकाचे प्रचलित नाव ‘स्ट्रेस परफ्यूजन एमआरआय’ असे आहे. ह्या नावातील पहिली दोन पदे मराठीत आणणे सोपे नाही, आणि ही अडचण केवळ कोशकाराची नाही. बीड जिल्ह्यातील एखादा रुग्ण ह्या तपासणीपर्यंत पोचतो तो आपल्या बोलीतील शब्दांच्या आधाराने. तिची पूर्वतयारी करतो ती कोणीतरी सांगितलेल्या शब्दांवरून. आणि तिचा निष्कर्ष गावी नेतो तोही शब्दांच्याच रूपाने. ह्या तीन टप्प्यांपैकी कोठेही शब्द चुकला, तर यंत्राने बिनचूक दाखविलेली गोष्ट वाया जाते. ही तपासणी नेमके काय पाहते, ते कसे पाहते आणि तिच्याविषयी मराठीत कसे बोलावे, ह्या तीन प्रश्नांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. तक्रारीचे व्याकरण

इंग्लंडमधील वैद्य विल्यम हेबर्डन ह्याने १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यमंडळापुढे एका छातीच्या विकाराचे वर्णन वाचले. ते १७७२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा त्रास चालताना, विशेषतः चढ चढताना व जेवणानंतर, होतो आणि उभे राहताच नाहीसा होतो, हे त्याचे मुख्य निरीक्षण. त्याने ह्या विकारास ‘अंजायना’ हे लॅटिन नाव दिले. आवळणे, गळा दाबणे हा अर्थ असलेल्या लॅटिन धातूशी ते निगडित आहे. त्याच आद्य धातूची संस्कृतातील संतती म्हणजे वेदांतील ‘अंहस्’, म्हणजे संकट, कोंडी. म्हणजेच ह्या विकाराचे मूळ नाव दुखण्याचे नसून आवळण्याचे आहे.

मराठवाड्यातील रुग्णही पुष्कळदा ‘दुखते’ असे म्हणत नाही. छाती भरून येणे, गच्च होणे, दम लागणे, जीव घाबरा होणे, कळ येणे, जळजळणे अशा अनेक क्रियापदांनी तो ही अवस्था सांगतो. कधी ‘गॅस धरला’, ‘पित्त झाले’ किंवा ‘उसण भरली’ असे निदानच सांगून मोकळा होतो. मधुमेही रुग्णांत आणि स्त्रियांत नुसता दम लागणे किंवा असाधारण थकवा येणे एवढेच लक्षण असू शकते. ‘छातीत दुखते का?’ ह्या एकाच प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर आले, तर ते खरे असूनही दिशाभूल करणारे ठरते.

शब्दाइतकेच महत्त्व काळाला आहे. मराठवाडी बोलीत ‘दुखायलंय’ हे रूप आत्ता चालू असलेली क्रिया सांगते, तर ‘दुखतं’ हे रूप नेहमीची, अटीवर अवलंबून असलेली क्रिया सांगू शकते: ‘जिना चढलं की दुखतं, थांबलं की बरं वाटतं.’ तपासणीच्या टेबलावर निवांत बसलेल्या रुग्णास ‘आता दुखायलंय का?’ असे विचारल्यास उत्तर नकारार्थीच येणार. श्रमाने होणारा हृच्छूल हा वर्तमानकाळाचा विषय नसून ‘जर-तर’चा विषय आहे. विश्रांतीत काढलेला ईसीजी हाही, एका अर्थी, वर्तमानकाळातच विचारलेला प्रश्न होय. तो पुष्कळदा निर्दोष निघतो.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत ह्या भेदाला जीवनमरणाचे मोल आहे. येथून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पतिपत्नींच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फिटेपर्यंत कामात खंड पडणे परवडत नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनावर चढणे ही हृदयाची कोणत्याही रुग्णालयातील परीक्षेहून कठोर परीक्षा होय. तेथे भरून येणारी छाती मोळी खाली टाकताच मोकळी होते, आणि माणूस पुन्हा कामाला लागतो. गावी परतल्यावर, बाजेवर बसून, ती तक्रार सांगण्याजोगी उरत नाही.

येथेच एक इशारा देणे आवश्यक आहे. विश्रांतीतही न थांबणारी, घाम फुटून, जबड्याकडे वा हाताकडे पसरणारी कळ असेल, म्हणजे जेथे ‘दुखायलंय’ हेच रूप लागू पडते तेथे, पुढे वर्णिलेली तपासणी करावयाची नसते. तो हृदयाघात असू शकतो. अशा वेळी जवळच्या रुग्णालयात तत्काळ पोचणे हेच कर्तव्य होय.

२. प्रवाह आणि त्याची राखीव शक्ती

शरीरातील इतर बहुतेक स्नायू विश्रांतीत रक्तातील प्राणवायूचा अल्प अंश घेतात व श्रमाच्या वेळी अधिक घेतात. हृदयाच्या स्नायूस ही सवलत नाही. तो विश्रांतीतही जवळपास ७० टक्के प्राणवायू शोषून घेत असल्याने, श्रमाच्या वेळी त्याला अधिक प्राणवायू मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे अधिक रक्त येणे हाच होय. निरोगी हृदयात हा प्रवाह तीन ते चार पटींपर्यंत वाढू शकतो. ह्या वाढीव शक्तीस ‘प्रवाहाची राखीव शक्ती’ म्हणता येईल.

ही वाढ रोहिणीच्या मोठ्या खोडात घडत नाही. ती पुढील बारीक वाहिन्या सैल झाल्याने घडते. पाण्याचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. पैठणच्या नाथसागरातून निघणारा उजवा कालवा गेवराईकडून माजलगावकडे येतो. समजा, त्यावरील दोन चाऱ्यांपैकी एकीच्या तोंडाशी गाळ साचला आहे. मागणी थोडी असताना स्वच्छ चारीवरील शेतांची दारे जराशीच उघडलेली असतात; गाळ साचलेल्या चारीवरील दारे मात्र तूट भरून काढण्यासाठी आधीच अधिक उघडावी लागतात. म्हणून दोन्हीकडच्या सऱ्यांत सारखेच पाणी दिसते. सर्वांची दारे एकदम पूर्ण उघडली म्हणजे मात्र भेद उघडकीस येतो. स्वच्छ चारीवर पाणी चौपट होते. दुसरीवर आधीच उघडलेली दारे आणखी काय उघडणार?

अमेरिकन हृद्रोगतज्ज्ञ लान्स गूल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून हेच आकड्यांत दाखविले. रोहिणीचा व्यास ८५ टक्क्यांनी अरुंद होईपर्यंत विश्रांतीतील प्रवाह घटला नाही. परंतु कमाल प्रवाह मात्र ३० ते ४५ टक्के अरुंदपणापासूनच घटू लागला. ह्या दोन मर्यादांमधील विस्तृत पट्टा विश्रांतीतील कोणत्याही प्रवाहमापनास अदृश्य राहतो. प्रस्तुत तपासणीचा सारा आधार ह्या एका निरीक्षणावर आहे.

३. ‘ताण’ ह्या पदाविषयी

कमाल प्रवाहाची ही स्थिती निर्माण करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे रुग्णास फिरत्या पट्ट्यावर चालविणे. ह्यास लोकव्यवहारात ‘टीएमटी’ म्हणतात. चुंबकाच्या नळीत पडून चालणे शक्य नसल्याने दुसरा मार्ग, औषधाचा, स्वीकारावा लागतो. त्यासाठी बहुधा अ‍ॅडेनोसिन हे द्रव्य शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास दर मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम ह्या प्रमाणात शिरेतून काही मिनिटे दिले जाते. ते बारीक वाहिन्या सैल करते, म्हणजेच सर्व दारे उघडते. तेवढ्या वेळात चेहरा तापणे, छाती जड होणे, धाप लागणे असे अनुभव येतात. परंतु ह्या द्रव्याचे रक्तातील अर्धायुष्य १० सेकंदांहूनही कमी असल्याने ते थांबविताच हे अनुभवही लवकरच ओसरतात.

ह्यावरून ‘स्ट्रेस’साठी ‘ताण’ हा प्रतिशब्द येथे दुहेरी सदोष ठरतो. एक तर अ‍ॅडेनोसिन हृदयाकडून पट्ट्यावरच्यासारखे श्रम करवून घेत नाही. ते मुख्यतः वाट मोकळी करते. दुसरे असे की, आजच्या मराठीत ‘ताण’ ह्या शब्दाचा पहिला अर्थ मानसिक आहे. ‘तुमची ताणाची तपासणी करावयाची आहे’ हे वाक्य ऐकून कर्जाची, मुलीच्या लग्नाची वा पावसाची चिंता आठवणे स्वाभाविक आहे. आणि मग ‘मला तसलं काही टेन्शन नाही’ असे सांगून रुग्णाने तपासणीच टाळावी, हेही अशक्य नाही.

पूर्वतयारीच्या सूचनेत तर भाषेचा प्रश्न थेट निष्कर्षावर परिणाम करतो. चहा-कॉफीतील कॅफिन हे द्रव्य अ‍ॅडेनोसिनचे काम ज्या ग्राहकांवरून चालते तेच ग्राहक अडवून धरते. चहा घेऊन आलेल्या रुग्णाच्या वाहिन्या पुरेशा सैल होत नाहीत. दारे उघडतच नाहीत, दोन्ही चाऱ्या सारख्या दिसतात आणि रोगी हृदय निरोगी ठरण्याचा धोका उद्भवतो. म्हणून तपासणीपूर्वी किमान १२ व शक्य तर २४ तास चहा, कॉफी, कोलाची पेये व चॉकलेट वर्ज्य असतात. दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या थिओफायलिनसारख्या औषधांचाही असाच परिणाम होतो, व त्यांविषयी डॉक्टरांनी स्वतंत्र निर्णय घ्यावयाचा असतो. परंतु रुग्णास बहुधा ‘उपाशीपोटी या’ एवढेच समजते. मराठी व्यवहारात चहा हे ‘खाणे’ नव्हे; तो उपवासालाही चालतो. पहाटेच्या एस.टी.ने निघालेला माणूस वाटेतल्या स्थानकावर चहा घेईल आणि तरीही आपण उपाशी आहोत असे सांगेल, ते प्रामाणिकपणेच. ‘काल सकाळपासून चहा नाही, कोराही नाही, घोटभरही नाही’ अशी सूचना कोशाच्या दृष्टीने ओबडधोबड असेल, पण येथे तीच शास्त्रशुद्ध होय.

४. चित्रणाची रीत

शरीरातील पाण्याच्या व चरबीच्या रेणूंत हायड्रोजनची केंद्रके विपुल असतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्यांना रेडिओलहरींचा धक्का दिला असता ती परत संदेश देतात. ह्या संदेशांवरून प्रतिमा घडविता येते, हे पॉल लॉटरबर ह्यांनी १९७३ मध्ये दाखविले; पीटर मॅन्सफील्ड ह्यांनी प्रतिमा जलद घेण्याच्या पद्धतीचा पाया घातला. दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सामान्यतः वापरात असलेल्या १.५ टेस्ला यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ३० हजार पटींहून अधिक प्रबळ असते. ह्या पद्धतीत क्ष-किरणांचा वापर होत नाही.

स्पंदणाऱ्या हृदयातून रक्त जाताना त्याचे चित्र घेणे ही पुढची पायरी होती. अ‍ॅटकिन्सन, बर्स्टाइन व एडेलमन ह्यांनी १९९० मध्ये ती गाठली. आजची रीत थोडक्यात अशी: रुग्णाच्या दोन्ही हातांच्या शिरांत सुया असतात; एकीतून अ‍ॅडेनोसिन, दुसरीतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य दिले जाते. गॅडोलिनियम जेथे पोचते तेथील संदेश प्रखर होतो व चित्रात तो भाग उजळतो. ईसीजीशी मेळ घालून, हृदयाच्या प्रत्येक ठोक्यास सहसा तीन आडव्या छेदांची चित्रे घेतली जातात. द्रव्य प्रथम उजव्या, मग डाव्या कप्प्यात आणि तेथून स्नायूत शिरताना दिसते. जो भाग काळा राहतो किंवा उशिरा उजळतो, त्याच्याकडे रक्त कमी आले असे समजावयाचे.

त्यानंतर काही वेळाने, विश्रांतीत, तीच चित्रे पुन्हा घेता येतात. शेवटी, द्रव्य दिल्यापासून सुमारे १० मिनिटांनी आणखी एक चित्रमालिका घेतात. मृत स्नायूच्या जागी झालेल्या व्रणात हे द्रव्य रेंगाळते, त्यामुळे तो भाग पांढरा दिसतो. सारी तपासणी पाऊण ते एक तासात संपते. चित्रणाच्या वेळी वारंवार श्वास रोखून धरावा लागतो.

५. चित्राचे वाचन

वाचनाचे सूत्र दोन प्रश्नांत सामावते: कमाल प्रवाहात कोणता भाग काळा राहिला, आणि शेवटच्या चित्रात कोणता भाग पांढरा दिसला? काळा राहिलेला भाग पांढरा नसेल, तर स्नायू जिवंत आहे, पण श्रमाच्या वेळी उपाशी राहतो. त्याला रक्त मिळवून देण्यात अर्थ असू शकतो. तोच भाग संपूर्ण जाडीत पांढरा असेल, तर तेथील स्नायू पूर्वीच्या आघातात नष्ट झाला आहे. रक्तपुरवठा सुधारूनही तो पूर्ववत् होण्याची आशा थोडी.

हृदयाच्या भिंतीचा आतला थर सर्वांत आधी उपाशी राहतो. ह्या पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरचा भेद दिसू शकत असल्याने, सुमारे एक सेंटिमीटर जाडीच्या भिंतीचा आतला काठ तेवढा काळा पडला तरी ते ओळखता येते. किरणोत्सर्गी द्रव्यावर आधारलेल्या जुन्या स्पेक्ट पद्धतीत इतकी सूक्ष्मता नसते.

ह्या सूक्ष्मतेचे एक फळ २००२ मध्ये दिसून आले. ज्यांच्या हृद्रोहिण्या अँजिओग्राफीत मोकळ्या आढळल्या, पण ज्यांना श्रमाने छातीत त्रास होतच होता, अशा रुग्णांची ही तपासणी लंडनमधील संशोधकांनी केली. अ‍ॅडेनोसिन दिले असता त्यांच्या हृदयाच्या आतल्या थरास रक्त पुरेसे वाढत नसल्याचे त्यांना आढळले. दोष मोठ्या रोहिणीत नसून बारीक वाहिन्यांत असू शकतो, ह्या मतास त्यामुळे पुष्टी मिळाली. अशा रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. ‘ब्लॉकेज नाही’ ह्या निष्कर्षाचे घरी पोचेपर्यंत ‘तिला काही झालेलेच नाही’ असे भाषांतर होते, आणि खरी तक्रार मनाच्या खाती जमा होते.

६. प्रमाण व मर्यादा

ह्या तपासणीच्या विश्वसनीयतेचा मोठा पुरावा इंग्लंडमधील लीड्स येथील ‘सी-मार्क’ ह्या अभ्यासातून मिळाला. त्यात ७५२ रुग्णांची तपासणी होऊन निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. अँजिओग्राफी हा निकष धरता, रोग असलेल्यांपैकी ८६.५ टक्के रुग्ण चुंबकीय तपासणीने ओळखले, स्पेक्टने ६६.५ टक्के. रोग नसलेल्यांना निरोगी ठरविण्यात दोन्ही पद्धती जवळपास सारख्या, अनुक्रमे ८३.४ व ८२.६ टक्के, ठरल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एमआर-इन्फॉर्म’ ह्या अभ्यासात ९१८ रुग्ण होते. चुंबकीय तपासणीवरून उपचार ठरविलेल्या गटात ३५.७ टक्के रुग्णांवर स्टेंट वा बायपासची वेळ आली, रोहिणीत तार घालून दाब मोजलेल्या गटात ४५ टक्क्यांवर. तरीही एका वर्षातील गंभीर घटनांचे प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखेच, ३.६ व ३.७ टक्के, राहिले.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तीव्र दमा किंवा हृदयाच्या विद्युत्-वहनातील मोठा अडथळा असल्यास अ‍ॅडेनोसिन देता येत नाही. मूत्रपिंडे फार निकामी झाली असल्यास गॅडोलिनियमचा निर्णय जपून घ्यावा लागतो. शरीरात पेसमेकर वा धातूचे साधन असल्यास ते चुंबकात चालणारे आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. तिन्ही प्रमुख रोहिण्या सारख्याच अरुंद असतील तर सारा स्नायू सारखाच मंद उजळतो, आणि तुलनेला निरोगी भागच उरत नाही. अशा वेळी प्रवाहाचे प्रत्यक्ष मापन करणाऱ्या नव्या पद्धती उपयोगी पडतात. शिवाय यंत्र असले म्हणजे तपासणी होतेच असे नाही. हृदयचित्रणात मुरलेला वाचक लागतो, आणि तो आज मुख्यतः मोठ्या शहरांतच मिळतो. म्हणून ही तपासणी प्रत्येकासाठी नव्हे. कोणासाठी ती निर्णायक ठरेल, हे तक्रार नीट ऐकल्यावरच ठरते.

७. ‘ब्लॉकेज’ आणि ‘सिंचन’

आज मराठीत हृद्रोगाचे बोलणे दोन शब्दांभोवती फिरते: ‘नस’ आणि ‘ब्लॉकेज’. बोलीत ‘नस’ हा शब्द रोहिणी, नीला, मज्जातंतू व प्रसंगी स्नायुबंध ह्या सर्वांना लागतो. ‘ब्लॉकेज’ला नेहमी टक्केवारी चिकटलेली असते आणि ती नेमकी वाटते, पण व्यास निम्मा झाला असता छेदाचे क्षेत्रफळ ७५ टक्क्यांनी घटते, म्हणजे एकाच रोहिणीस ५० टक्केही म्हणता येते व ७५ टक्केही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ह्या शब्दाने रोगाची कल्पना तुंबलेल्या नळाची होते: नळ मोकळा केला की रोग संपला. स्थिर हृद्रोगाच्या ५,१७९ रुग्णांचा ‘इस्केमिया’ अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. औषधोपचारांना जोडून आरंभीच स्टेंट वा बायपास केल्याने मृत्यू अथवा हृदयाघात एकंदरीने कमी झाल्याचे त्यात दिसले नाही. वारंवार छातीत त्रास होणाऱ्यांना मात्र आराम मिळाला. नळाच्या कल्पनेने हा निष्कर्ष समजूच शकत नाही.

‘परफ्यूजन’ हा शब्द लॅटिनमधील ‘आरपार’ व ‘ओतणे’ ह्या दोन घटकांचा बनला आहे. संस्कृत ‘सिच्’ धातूचा अर्थही ओतणे, शिंपणे असाच. तेव्हा ‘रक्तसिंचन’ हा प्रतिशब्द व्युत्पत्तीने जवळचा आहे. परंतु त्याचे खरे बळ अन्यत्र आहे. अवर्षणाशी झुंजणाऱ्या ह्या जिल्ह्यात कालव्यात पाणी असणे व सरीत पाणी पोचणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणास शिकवावे लागत नाही. अँजिओग्राफी कालवा दाखविते. प्रस्तुत तपासणी सरी दाखविते. ग्रंथिक लेखनासाठी ‘कमाल प्रवाहातील रक्तसिंचनाचे चुंबकीय चित्रण’ ही संज्ञा लांब असली तरी अर्थवाहक आहे. रुग्णासाठी संज्ञेऐवजी वाक्यच योग्य: ‘कष्टाच्या वेळी हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पडतं, ते ह्यात दिसतं.’

अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. शके १११० चा, म्हणजे ११८८ चा, मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ संस्कृतातील तत्त्वज्ञान मराठीत आणणारा आद्य ग्रंथ समजला जातो. त्याच नगरात १९७४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील विद्यार्थी शास्त्र इंग्रजीतून शिकतात आणि तक्रारी मराठवाडीतून ऐकतात. ह्या दोहोंमधील अंतर मोजणे, म्हणजे छातीच्या त्रासाची क्रियापदे तालुकावार नोंदविणे, प्रश्नाचा काळ बदलल्याने उत्तर किती बदलते ते पाहणे, आणि पूर्वतयारीची सूचना ऐकल्यावर रुग्णास प्रत्यक्षात काय समजले ते तपासणे, हे भाषाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. त्यास चुंबक लागत नाही. वही व कान पुरे. एखाद्या ऊसतोड कामगाराची तक्रार पुढील हंगामाच्या आधी ओळखली जाईल की नाही, हे काही अंशी त्या वहीवर अवलंबून राहील.